आडनाव न विचारणारे मैदान

चाला, असे डॉक्टर सांगतात. साखर वाढली, चाला. रक्तदाब वाढला, चाला. वजन वाढले, झोप लागत नाही, पोट साफ होत नाही, चाला. पण चालायचे कुठे, हे चिठ्ठीवर लिहिलेले नसते. आपल्या गल्लीत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. मोठ्या रस्त्यावर ट्रक आणि ऑटो. शेजारच्या कॉलनीतल्या बागेत शिरले की रखवालदार आधी विचारतो, "राहता कुठे?" बायांची अडचण याहून वेगळी. दिवसभर दुसऱ्याच्या घरची आणि मग स्वतःच्या घरची कामे करून संध्याकाळी नुसते फिरायला बाहेर पडले, तर "हिला काही काम नाही का?" असे म्हणणारी माणसे दारातच बसलेली असतात.

आरोग्यसेविका म्हणून मी नोकरीची सारी वर्षे हेच ऐकत आले. म्हणून या महिन्याच्या पानावर एका अशा खेळाबद्दल लिहिते आहे, ज्यात चालायला जागा मिळते, कारण मिळते आणि सोबतही मिळते. खेळाचे नाव डिस्क गोल्फ. तो मी पाहिला अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया नावाच्या लहानशा गावात. माझा भाचा कर्ज काढून तिथल्या विद्यापीठात शिकायला गेला होता. त्याच्या पदवीदान समारंभासाठी मे महिन्यात मी तिकडे गेले आणि तीन आठवडे राहिले. सहलीची गंमत सांगायला मी हे लिहीत नाही. त्या मैदानावर मला आपल्या घरांच्या कामाचे काही सापडले, ते सांगायचे आहे.

माळावरचे गाव

एम्पोरिया अमेरिकेच्या बरोबर मधल्या भागात आहे. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या चोवीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. भोवती उंच गवताची माळराने, त्यांना फ्लिंट हिल्स म्हणतात. गाव रेल्वेमुळे वाढले. रेल्वेच्या आणि पुढे मांसाच्या कारखान्यांच्या कामासाठी आलेल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांची वस्तीही गावात मोठी आहे.

आपल्याला हे राज्य आणखी एका कारणाने ठाऊक असायला हवे. एम्पोरियापासून शंभर किलोमीटरच्या आत टोपेका हे राजधानीचे शहर आहे. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १७ मे १९५४ चा निकाल ज्या खटल्यात लागला, तो टोपेकाच्या शाळा मंडळाविरुद्धचा खटला होता.

अशा या छोट्या गावाची आजची ओळख मात्र डिस्क गोल्फ ही आहे. २०१६ आणि २०२२ साली या खेळाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इथे झाली. गावात या खेळाची अनेक मैदाने आहेत. त्यातले जे नवख्याला सोपे वाटेल, जिथे जमीन सपाट आहे, झाडे आहेत पण दाट नाहीत, ते मैदान एका बागेत आहे. बागेचे नाव पीटर पॅन पार्क.

बाग कुणाची?

एम्पोरियात विल्यम ॲलन व्हाइट नावाचे संपादक होऊन गेले. गावातले 'एम्पोरिया गॅझेट' हे छोटे दैनिक त्यांनी १८९५ साली विकत घेतले आणि त्यातल्या अग्रलेखांनी देशभर नाव मिळवले. त्यांना मेरी नावाची एक मुलगी होती. मे १९२१ मध्ये घोड्यावरून जाताना झाडाची फांदी डोक्याला लागली आणि त्यातच ती गेली. वय पुरते सतरा झाले नव्हते. वडिलांनी तिच्यावर लिहिलेला मृत्युलेख अमेरिकेत आजही वाचला जातो. त्यात त्यांनी तिला मोठे व्हायला नकार देणाऱ्या गोष्टीतल्या पीटर पॅनची उपमा दिली. पुढे व्हाइट कुटुंबाने तिच्या आठवणीत गावाला ही बाग दिली. बागेवर घराण्याचे नाव नाही, त्या गोष्टीतल्या मुलाचे आहे.

त्या मृत्युलेखात एक गोष्ट सांगितलेली आहे, ती भाच्याने मला वाचून दाखवली. मेरीच्या शाळेत काळ्या मुलींसाठी विश्रांतीची खोली नव्हती. ती मिळावी म्हणून मेरीने वडिलांच्या मागे धोशा लावला होता. सोळा वर्षांची, संपादकाच्या घरातली, काहीही कमी नसलेली मुलगी दुसऱ्यांच्या मुलींना दोन घटका बसायला जागा नाही म्हणून घरात भांडत होती. त्याच १९२१ साली आपले बाबासाहेब लंडनमध्ये अभ्यास करत होते. शाळेत वेगळ्या पोत्यावर बसवलेला तो मुलगा तोवर कोलंबिया विद्यापीठातून शिकून आला होता. दोघांची ओळख असण्याचे कारण नाही, पण दोघांचा प्रश्न एकच होता. सार्वजनिक जागा म्हणायचे, पण ती सगळ्यांची का नाही?

मुलगी गेल्यानंतर तीन वर्षांनी, १९२४ साली, व्हाइट कॅन्ससच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीला अपक्ष उभे राहिले. कारण एकच होते, काळ्यांना, ज्यूंना आणि कॅथलिकांना धमकावणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या संघटनेला उघड विरोध करणे. ते तिसरे आले, हरले. पण क्लॅनविरुद्ध राज्यभर मोटारीने फिरून भाषणे दिली.

म्हणून त्या बागेत शिरताना मला ती नुसती खेळायची जागा वाटली नाही.

खेळ कसा खेळतात

गोल्फमध्ये काठीने चेंडू मारून खड्ड्यात घालतात. इथे काठी नाही, चेंडू नाही, खड्डा नाही. हातात एक प्लास्टिकची चकती. आपली मुले उडवतात त्या फ्रिसबीपेक्षा थोडी लहान, जड आणि कडेला निमुळती. समोर लोखंडी खांबावर मांडीएवढ्या उंचीला एक जाळीची टोपली, आणि तिच्या वर गोलाकार लोंबणाऱ्या साखळ्या. चकती साखळ्यांवर आपटते, वेग मरतो आणि ती टोपलीत पडते. त्या वेळी खळ्ळकन आवाज होतो. तो आवाज ऐकण्यासाठी माणसे किलोमीटरच्या किलोमीटर चालतात, असे म्हटले तरी चालेल.

नियम असे:

ठरलेल्या जागेवरून पहिली फेक करायची. चकती जिथे पडेल तिथे चालत जायचे आणि तिथून पुढची फेक. टोपलीत पडेपर्यंत किती फेका झाल्या ते मोजायचे. मग पुढच्या टोपलीकडे. मैदान नऊ किंवा अठरा टोपल्यांचे असते. शेवटी ज्याच्या फेका सर्वांत कमी, तो जिंकला. टोपलीपासून जो सर्वांत दूर असेल त्याने आधी फेकायचे. टोपलीच्या दहा मीटरच्या आत आल्यावर फेकताना तोल सांभाळायचा, फेकून पुढे झेपावायचे नाही. चकती आखलेल्या हद्दीबाहेर गेली तर एक फेक जास्तीची मोजायची.

बस्स. पंच नाही. आपले गुण आपणच प्रामाणिकपणे लिहायचे.

नवख्यांसाठीच्या टोपल्या साधारण साठ ते नव्वद मीटरवर असतात. बहुतेक टोपल्यांना तीन फेका हा चांगल्या खेळाडूचा हिशेब धरतात. नवख्याला पाच-सहा लागतात आणि त्यात कमीपणा काही नाही, कारण जास्त फेका म्हणजे जास्त व्यायाम.

चकत्या तीन प्रकारच्या. लांब जाणारी, मध्यम आणि टोपलीजवळची. दुकानात गेलेला नवा माणूस हमखास लांब जाणारी मागतो. पण ती वेगाने फेकता आली नाही तर उजव्या हाताच्या माणसाची भर्रकन डावीकडे वळून झुडपात जाते. सुरुवातीला टोपलीजवळची किंवा मध्यम अशी एकच चकती पुरे, दीडशे ते एकशे पासष्ट ग्रॅम वजनाची. ती हळू जाते पण सरळ जाते. तिकडे साधी चकती दहा ते वीस डॉलरला मिळते, वापरलेली त्याहून स्वस्त. बागेत खेळायला पैसे पडत नाहीत, कुणाचे सभासद व्हावे लागत नाही, ठरावीक कपडे लागत नाहीत. मी पंजाबी ड्रेस आणि पायात बूट अशीच खेळले.

पहिला दिवस

आम्ही सकाळी सातला गेलो, कारण मे महिन्याच्या शेवटी तिथेही दुपारचे ऊन चटका देते. बागेत तळे आहे. तळ्याकाठी म्हातारी माणसे गळ टाकून बसली होती. एक बाई दोन नातवंडांना घेऊन खेळत होती. लहान्याच्या हातात त्याच्या डोक्याएवढी चकती. तो टोपलीपासून चार पावलांवर उभा राहून फेकायचा आणि साखळ्या वाजल्या की स्वतःच टाळ्या वाजवायचा.

आमच्या पुढे एक सत्तरीचे गृहस्थ एकटेच खेळत होते. आम्ही नवीन आहोत हे ओळखून ते थांबले आणि मला पकड दाखवली. चारही बोटे चकतीच्या कडेखाली आत, अंगठा वर. टोपलीकडे तोंड करून उभे राहायचे नाही, उजवा खांदा टोपलीकडे करून आडवे उभे राहायचे. चकती छातीच्या उंचीवर सरळ रेषेत ओढायची, पाणी सांडू नये अशा बेताने ताटासारखी सपाट ठेवायची आणि कंबर वळवत सोडून द्यायची. हाताचा जोर कमी आणि कमरेचा जास्त. भाच्याने त्यांचे बोलणे मला मराठीतून सांगितले. मग म्हणाला, "आत्या, जात्यावर दळताना तू जशी कमरेतून फिरायचीस ना, तसंच."

"तू कधी पाहिलंस रे मला दळताना?"

"आजी सांगायची."

त्या गृहस्थांचा एक गुडघा बदललेला होता. रोज नऊ टोपल्या खेळतात, म्हणाले. निघताना त्यांनी माझे नाव विचारले. आडनाव विचारले नाही. आपण कुठले, आपला धर्म कोणता, नवरा काय करतो, यातले काहीच विचारले नाही. उद्या येणार का, एवढे विचारले.

त्या दिवशी मी नऊ टोपल्या बावन्न फेकांत पुऱ्या केल्या. घड्याळात पाहिले तर सव्वा तास झाला होता. सव्वा तास चालल्याचे पायांना कळले, मनाला नाही.

मैदानावरच्या वागण्याच्याही काही रीती आहेत. दुसरा फेकत असताना बोलायचे नाही, हलायचे नाही. पुढे माणसे असतील तर फेकायची नाही. चुकून कुणाच्या दिशेने गेलीच तर "फोर!" असे मोठ्याने ओरडायचे. मागून जलद खेळणारे आले तर त्यांना पुढे जाऊ द्यायचे. दुसऱ्याची हरवलेली चकती सापडली तर मागे लिहिलेल्या फोन नंबरवर कळवायचे. बागेत फिरायला आलेल्यांचा हक्क आधी, खेळणाऱ्याचा नंतर. अदिन्नादाना वेरमणी आपण रोज म्हणतो. सापडलेली चकती परत देताना मुलांना ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

गोल्फचा रंग आणि चकतीचा रंग

गोल्फ हा पैसेवाल्यांचा खेळ हे आपण जाणतो. अमेरिकेत तो गोऱ्यांचाही होता. तिथल्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या घटनेतच सभासद फक्त गोरा असावा असे कलम होते. ते १९६१ साली निघाले. ७ डिसेंबर १९५५ रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो शहरात दंतवैद्य डॉ. जॉर्ज सिमकिन्स आणि त्यांचे पाच काळे सोबती सरकारी गोल्फ मैदानावर गेले. ठरलेली पंच्याहत्तर सेंटची फी काउंटरवर ठेवली आणि खेळायला उतरले. त्यांना अटक झाली. गुन्हा काय, तर सार्वजनिक पैशाने बांधलेल्या जागेत पाऊल टाकणे.

हे वाचताना आपल्याला २० मार्च १९२७ आठवल्याशिवाय कसे राहील? महाडचे तळे सार्वजनिक होते. बोले ठरावाने ते खुलेही झाले होते. तरी ओंजळभर पाण्यासाठी बाबासाहेबांना हजारोंच्या मोर्चाने जावे लागले. कागदावरचा हक्क पायांनी चालत जाऊनच खरा करावा लागतो, तळ्यावर काय आणि मैदानावर काय.

१९७५ साली दोन गोष्टी घडल्या. ऑगस्टा इथल्या प्रतिष्ठेच्या मास्टर्स स्पर्धेत ली एल्डर हा पहिला काळा गोल्फपटू खेळला. आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्क या सार्वजनिक बागेत डिस्क गोल्फचे पहिले कायमस्वरूपी मैदान तयार झाले. ते करणारे एड हेड्रिक हे फ्रिसबी बनवणाऱ्या कंपनीत काम करत. साखळ्यांच्या टोपलीचे पेटंट त्यांना १९७७ साली मिळाले. त्याआधी लोक झाडे, दिव्याचे खांब, कचऱ्याचे डबे यांनाच निशाणा करून खेळत. त्याहीपूर्वी, १९२६ साली, कॅनडातल्या ब्लॅडवर्थ या खेड्यातली शाळकरी मुले डब्यांची झाकणे फेकून असाच खेळ खेळली होती. त्यांनी नाव ठेवले होते टिनच्या झाकणाचा गोल्फ. म्हणजे या खेळाचे मूळ क्लबात नाही, झाकणात आहे.

सगळे गोड आहे असेही नाही. एम्पोरियाच्या मैदानावर मला दिसले ते बहुतेक गोरे पुरुषच. मेक्सिकन कुटुंबे बागेत होती, पण टोपल्यांकडे कमी वळत. दार उघडे असणे आणि आत आपली माणसे असणे यात अंतर असते. ते अंतर कुणीतरी हात धरून आणल्याशिवाय कमी होत नाही. माझ्या भाच्यालाही पहिल्यांदा एका वर्गमित्रानेच नेले होते.

त्याचे काय बदलले

इथे घरची गोष्ट सांगते, कारण ती अनेक घरांची आहे. भाच्याचे वडील, म्हणजे माझा मोठा भाऊ, एक्कावन्नाव्या वर्षी गेला. साखर होती, औषध कधी घेतले, कधी नाही, आणि एके पहाटे छातीत कळ आली. मुलगा तेव्हा बारावीत होता. ज्याच्या वडिलांना साखर आहे, त्याला स्वतःला होण्याचा धोका जास्त असतो. परदेशात गेल्यावर या मुलाचे दिवसाचे दहा तास खुर्चीत, जेवण म्हणजे ब्रेड आणि नूडल्स, रात्री कर्जाची चिंता. पहिल्या वर्षी त्याचे वजन अकरा किलो वाढले. घरी फोन केला की "बरा आहे" एवढेच बोलायचा. तो आतून किती एकटा पडला होता, हे आम्हाला इथे बसून कळले नाही.

व्यायामशाळेची फी त्याला परवडत नव्हती. चकतीला पंधरा डॉलर पडले. आठवड्यातून चार संध्याकाळी तो बागेत जाऊ लागला. वजन उतरले, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे संध्याकाळी वाट पाहणारी चार माणसे मिळाली. तो मला म्हणाला, "आत्या, खोलीत बसलो की बाबा आठवतात. इथं आलो की पुढची टोपली दिसते."

आपल्या पोरांच्या मनाच्या दुखण्यावर चकती हे औषध आहे असे मी म्हणणार नाही. झोप उडाली असेल, जगण्यात रस राहिला नसेल, मरणाचे विचार येत असतील तर डॉक्टरकडे जायलाच हवे, आणि टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. पण माणसाला रोज घराबाहेर काढणारी आणि चार माणसांत नेणारी कोणतीही गोष्ट उपचाराला हात देते, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहे.

शरीराला काय मिळते

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम व्यायाम करावा, मुलांनी रोज सरासरी तासभर. अठरा टोपल्यांच्या फेरीत साधारण तीन ते पाच किलोमीटर चालणे होते, वेळ दीड ते दोन तास. आठवड्यातून अशा दोन फेऱ्या झाल्या की मोठ्यांचा कोटा पुरा. जेवणानंतर चालले तर स्नायू रक्तातली साखर वापरतात आणि ती फार चढत नाही. फेकताना कंबर, पाठ, खांदा हलतो. एका पायावर तोल सांभाळावा लागतो, तो म्हातारपणी पडण्यापासून वाचवतो. आणि लांबवर नजर लावण्याने मोबाइलवर खिळलेल्या डोळ्यांना विसावा मिळतो.

आपल्या धम्मात चालण्याला किती मान आहे, हे आपण विसरतो. अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी चंकमणाचे, म्हणजे येरझारा घालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. लांबचा प्रवास सोसतो, परिश्रमाची ताकद येते, आरोग्य राहते, खाल्लेले पचते, आणि चालताना साधलेली एकाग्रता जास्त टिकते. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या डॉक्टरच्या यादीशेजारी ठेवून पाहा.

हे सांभाळा

कोणी कॅन्ससला जाणार असेल, तुमचा मुलगा, मुलगी, भाची, तर त्यांच्यासाठी आणि इथे कुठलाही मैदानी खेळ सुरू करणाऱ्यांसाठी या गोष्टी:

साखरेचे इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी खेळू नका. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा. घाम फुटला, हात थरथरले, गरगरले तर थांबा आणि तीन चमचे साखर घ्या.

मधुमेह्यांनी अनवाणी किंवा सपातेवर मैदानात जाऊ नये. बंद बूट, सुती मोजे, आणि घरी आल्यावर तळपाय पाहायचे. पायाला संवेदना नसेल तर काटा लागलेलाही कळत नाही.

मधुमेह्यांचा खांदा आखडणे नेहमीचे आहे. खांदा दुखत असेल तर लांब फेकू नका, टोपलीजवळून खालच्या हाताने हलके टाका. सगळ्यांनीच सुरुवातीला पाच मिनिटे खांदे, मनगटे, कंबर फिरवून घ्यावी.

आपल्या विदर्भात सिकलसेल अनेक घरांत आहे. एसएस रुग्णाने डॉक्टरांना विचारून, दमण्याआधी थांबत, भरपूर पाणी पीत, भर उन्हात किंवा कडाक्याच्या थंडीत न जाता खेळावे. एएस वाहक सर्वांसारखे खेळू शकतात, पण उन्हात तहानलेल्या अवस्थेत अति दमू नये. ज्यांनी तपासणी केली नाही त्यांनी सरकारी रुग्णालयात करून घ्यावी.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, धाप लागणे, असे काही वाटले तर खेळ तिथेच थांबवा आणि दवाखाना गाठा. ॲसिडिटी असेल म्हणून घरी झोपू नका.

कॅन्ससच्या गवतात गोचिडी असतात. लांब मोजे घालावे आणि घरी आल्यावर अंग तपासावे. तीन-तीन पानांची एक वेल अंगाला लागली की फोड येतात, तिच्यातली चकती हाताने काढू नये. वीज कडाडली की लोखंडी टोपलीपासून आणि झाडांपासून दूर होऊन इमारतीत जावे.

आपल्या वस्तीत

साखळ्यांच्या टोपल्या इथे आणायला पैसे लागतील. पण हा खेळ झाकणे आणि झाडे यांवर सुरू झाला, हे लक्षात घ्या. रविवारी विहारात वंदना झाल्यावर समाजभवनाच्या पटांगणात किंवा परवानगी घेऊन महापालिकेच्या शाळेच्या मैदानावर नऊ निशाण ठरवा. एखादे झाड, एक खांब, जुना टायर, उलटी ठेवलेली बादली. मऊ प्लास्टिकची फ्रिसबी खेळण्यांच्या दुकानात मिळते. पत्र्याचे किंवा स्टीलचे झाकण मात्र फेकू नका, कडेने डोळा जाईल. रस्ता, विजेच्या तारा आणि काचेच्या खिडक्या यांच्या दिशेला निशाण नको. सकाळचा एक तास फक्त बायांचा आणि मुलींचा ठेवा, आणि त्या तासाला पोरांनी चौथरा अडवून बसायचे नाही हे मंडळाने ठरवून द्यावे. चार घरच्या बाया एकत्र निघाल्या की दारात बसून बोलणाऱ्यांची तोंडे आपोआप बंद होतात.

आणि मैदानच नसेल तर? तर तो आरोग्याचा प्रश्न समजून हाती घ्या. शहराच्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानांसाठी जागा आरक्षित असतात. आपल्या वस्तीलगत असे आरक्षण कुठे आहे, तिथे सध्या काय आहे, मैदान का झाले नाही, हे २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली अर्ज करून विचारता येते. अर्ज साध्या कागदावर, फी दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तीही नाही. महिला मंडळाने एक अर्ज करावा, तरुणांनी त्याचा पाठपुरावा करावा. जयंतीला डीजेवर जो पैसा जातो, त्यातला थोडा मैदानाचे कुंपण आणि दोन दिव्यांसाठी काढला, तर बाबासाहेबांना ते जास्त आवडेल असे मला वाटते.

उत्तर आले की ते विहाराच्या फलकावर लावा आणि या पानासाठी आम्हालाही कळवा. कोणत्या वस्तीला मैदान मिळाले, कोणत्या वस्तीचे कुणी बळकावले, ते आपण इथे छापू.

जय भीम! नमो बुद्धाय!